कवडूभाऊंची फिरती धावपट्टी

कवडूभाऊ स्वतः लिहिलेली बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात आणि दचकतात.

खोटं नाही सांगत. संध्याकाळी माझ्याच दुकानात, माझ्याच युरियाच्या पोत्यावर बसून, माझाच चष्मा डोळ्यांवर चढवून, एका बोटानं मोबाइलवर बातमी लिहायची आणि भंडाऱ्याला पेपरच्या ऑफिसात पाठवायची. सकाळी पेपरचा गठ्ठा सोडला की वरचाच अंक उघडून ओरडायचं, "अरे बाप रे! गुणवंतजी, आपल्या नाक्यावर ट्रक उलटला म्हणते!"

"तुमीच तं लिहिली ना काल," मी वैतागून म्हणायचो. "ट्रक उलटला तवा तुमी माह्या संगच उभे होते. तांदूळ सांडला म्हणून हळहळले बी."

"उभा होतो ना. पन आता छापून आलं!"

यावर काय बोलणार? शेजारच्या गल्लीतले एक मास्तर वारले, तर हा माणूस त्यांना खांदा देऊन आला, घाटावर शेवटपर्यंत थांबला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरातला मास्तरांचा फोटो पाहून मटकन खाली बसला. "गेले म्हणते बिचारे," म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दोन्ही दिवस सोबत होतो, म्हणून सांगतो.

लाखनीत हायवेच्या कडेला माझं कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीचे पंप असा सगळा माल मिळतो. दुकानाच्या ओट्यावर डाव्या हाताला कवडूभाऊंचा पेपरचा ठेला. ते पेपरचे एजंट आहेत आणि तालुक्याचे वार्ताहरही आहेत. म्हणजे बातमी लिहिणारे तेच, विकणारे तेच, आणि पहिले गिऱ्हाईकही तेच. गळ्यात लॅमिनेशन केलेलं प्रेसचं कार्ड असतं. ते फक्त आंघोळीच्या वेळी खुंटीवर जातं, असं ते स्वतःच अभिमानानं सांगतात.

त्यांच्या बातमीत काही मंडळी कायमची वस्तीला असतात. ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ मधलं सूत्र म्हणजे मी. ‘जाणकारांच्या मते’ मधला जाणकार म्हणजे समोरचा चहावाला. आणि काहीही घडलं तरी शेवटी ‘परिसरात खळबळ’ असतेच. एकदा माझी गाय दोर तोडून बाजारात गेली आणि भाजीवाल्याच्या पालकात तोंड घालून परत आली. त्याचीही खळबळ झाली. मी म्हटलं, भाऊ, खळबळ कुठे होती, लोक हसत होते. तर म्हणाले, "हासनं बी एक परकारची खळबळच होय ना."

लग्न केलं नाही. गावाच्या टोकाला टिनाच्या छपराच्या दोन खोल्या आहेत, तिथे एकटेच राहतात. राहतात म्हणजे झोपायला जातात. संध्याकाळी ठेला आवरला की जे माझ्या पोत्यावर बसायचे, ते मी शटर ओढेपर्यंत हलायचे नाहीत. घरून बायकोचे फोनवर फोन, भाजी थंड झाली म्हणून शिव्या, आणि हे आपले सांगतायत, अमक्या गावचा सरपंच काय म्हणाला. लग्न झालेल्या माणसाला घरी जायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. शेवटी मी शटरला हात घातला की उठायचे, लुंगीसारखा गुंडाळलेला दुपट्टा झटकायचे आणि म्हणायचे, "चला, अंक बंद." मग त्यांची जुनी लूना फटफटत अंधारात जायची. मला सुटल्यासारखं व्हायचं.

आता ‘कवडू’ या नावाचं सांगतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत. मग आमच्या झाडीपट्टीत मरणाला चकवायची एक जुनी रीत आहे, ती त्यांच्या आईनं केली. जन्मलेलं पोर सुपात घालून दुसऱ्या बाईला एका कवडीला विकून टाकलं. म्हणजे पोर त्या बाईचं. मरण दारात आलं तर त्याला सांगायचं, बाबा, आमचं काही नाही इथे, दुसऱ्याचा माल आहे, आम्ही नुसता सांभाळतो. त्या बाईनं कवडी दिली, पोर विकत घेतलं, आणि आईच्या ओटीत सांभाळायला परत ठेवलं. पोर जगलं.

ती विकत घेणारी म्हणजे मोहाटोल्याची भागरताआजी. तलावात मासे धरणाऱ्या घरात तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली पोरगी होती. तिला पुढे मूलबाळ झालं नाही. नवरा गेला. आता पार वाकली आहे, पण तलावाच्या काठाकाठानं झिंगे धरते आणि टोपलीत घालून विकते. मासोळी बरी लागली की कवडूभाऊंचा वाटा कोणाच्या तरी हाती लाखनीला येतोच. "माहा माल हाये तो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. कवडूभाऊ तिला माय म्हणतात. आजीला वाचता येत नाही, पण छापील कागदावर तिचा देवासारखा विश्वास. शेजारची सून रोज पेपर वाचून दाखवते आणि आजी ऐकून म्हणते, "छापलं ना? मंग खरं." कवडूभाऊंना हे वेड कुठून लागलं, ते निराळं सांगायला नको.

तर एक दिवस एक मोठे पुढारी इकडे आले आणि व्यासपीठावरून म्हणाले की आपल्या जिल्ह्यात लवकरच विमानतळ होईल. कुठे, कधी, कोणाच्या जागेत, काही नाही. एवढं बोलून गाडीत बसले आणि गेले. कवडूभाऊ ती सभा आटोपून लूनावरून मोहाटोल्याच्या रस्त्यानं परत येत होते. धान कापून झालेलं होतं. बघतात तर तलावाला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, फोडून सपाट केलेल्या, मधोमध नाकासमोर सरळ लांबलचक पट्टा, दोन्हीकडून चुन्याच्या पांढऱ्या रेघा, दोन माणसं टेप धरून उभी आणि एक रोलर वरखाली फिरतोय.

कवडूभाऊंनी लूना थांबवून रोलरवाल्याला विचारलं, "काय करून राहिले, भाऊ?"

रोलरवाल्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता. सकाळपासून येणारा-जाणारा हाच प्रश्न विचारत होता, तो कावलेला होता. पिंक टाकून म्हणाला, "विमान उतरवतो."

झालं! तो शंकरपटाचा पट्टा होता. बैलजोड्यांच्या शर्यती बरीच वर्षं बंद होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. जुन्या पटाच्या जागेवर दुकानांचे गाळे उभे राहिले, म्हणून पट समितीनं तलावाकाठी नवी जागा धरली होती. आमच्याकडचं शेंबडं पोरही ती चुन्याची रेघ पाहून सांगेल की हा पट आहे. खुद्द कवडूभाऊंनी बंदीच्या आधी वर्षानुवर्षं पटाच्या बातम्या लिहिल्या होत्या. पण डोक्यात विमान शिरलं होतं, त्याला काय करणार?

बातमी गेली: ‘मोहाटोल्यात धावपट्टीचे काम युद्धपातळीवर, तलावाकाठची घरे हटविणार, परिसरात खळबळ’. घरं हटवणार हे कोणी सांगितलं, म्हणून मी नंतर विचारलं. तर म्हणाले, "विमान आलं म्हणजे घरं हटतातच. हे का सांगा लागते?" भंडाऱ्याच्या ऑफिसातून धावपट्टीची लांबी विचारली, तेव्हा यांनी मोहाटोल्यातल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याला फोन लावला, तो नेमका पट समितीचा अध्यक्ष. कशाला हवी ते सांगितलं नाही, नुसतं विचारलं पट्टा केवढा. त्या म्हाताऱ्यानं आकडा हातात सांगितला. पेपरातही हातातच आला. हातानं मोजलेलं विमानतळ जगात हे एकच असेल.

सकाळी गठ्ठा सुटला आणि आरोळी आली, "अरे बाप रे! गुणवंतजी, आपल्या इकडं विमानतळ होऊन राहिलं!"

मीही हरखलो, खोटं कशाला बोलू? बायकोला फोन करून सांगितलं. पटाच्या दिवशी कवडूभाऊ कार्ड घालून धावपट्टीची पाहणी करायला गेले, तर धावपट्टीवरून बैल धावत होते. दोन्हीकडे माणसांची जत्रा, भज्यांची दुकानं, लाऊडस्पीकरवर जोड्यांची नावं. परत येऊन पोत्यावर बसले.

"छापून आलं ना पन," म्हणाले. मी दुकानात गिऱ्हाईक असतानाही त्यांच्यावर ओरडलो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मोहाटोल्याहून शेजारच्या सुनेचा फोन आला, काकाजी, लवकर या, आजी ऐकत नाही. मी कवडूभाऊंना माझ्या गाडीवर घेऊन गेलो. बघतो तर काय, भागरताआजी लुगड्याचा काचा मारून शिडीवर, आणि घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, एकेक करून खाली देतेय. खाली सून ते भिंतीला लावून ठेवतेय. अर्धं छप्पर उघडं पडलेलं.

"माय, काय करून राहिली?" कवडूभाऊ खालून ओरडले.

"आंधळा झाला का? कवेलू उतरवून राहिली. विमान घासून गेलं तं फुटतीन ना. सारे जुने हायेत, आता असे कोन बनवते?"

"माय, विमान नाई येत. खोटं हाये ते."

"कोन म्हणते?"

"मीच म्हणतो. म्याच लिहिलं होतं ते, चुकून."

आजीनं शिडीवरून त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू लिहिलं असशीन. छापलं तं त्यायनं ना? ते का तुह्यासारखे येडे हायेत?"

मी मध्ये पडलो. "आजी, बैलांचा पट होता तो. सगळ्या गावानं पाहिला. तुमीच तं पाहाले बसल्या होत्या म्हणतात."

"पाहिला ना. बैलं धावले. बैलायचं झालं, आता विमानाचं होईन. जागा तं एकच हाये." आणि कवडूभाऊंना म्हणाली, "नाई येत म्हणून छापून आन. चढवते मी कवेलू. तवरक मले बोलू नोको."

थंडीचे दिवस. तलावावरचा वारा सरळ घरात. म्हातारी उघड्या छपराखाली गोधडी घेऊन झोपायची. कोणाच्या घरी जायला तयार नाही, मुळातच हट्टी. आणि भिंती मातीच्या. पावसाळ्याच्या आधी कवेलू वर चढले नाहीत, तर विमान यायची गरजच उरली नसती, घर आपोआप चिखल झालं असतं. परत येताना कवडूभाऊ माझ्या मागे गाडीवर बसून सगळ्या रस्ताभर एकच वाक्य म्हणत होते, "माह्यानं झालं हे, गुणवंतजी. माह्यानं झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंडाऱ्याच्या साहेबांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकला.

"खुलासा छापत नाही आपण," साहेब म्हणाले. "खुलासा छापला की वाचकाला वाटतं, आधीची बातमी खोटी होती."

"खोटीच होती ना, साहेब."

"ते आपल्या दोघांत. नवीन काही असेल तर पाठवा."

फोन ठेवल्यावर कवडूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "नवीन," ते म्हणाले. त्यांचे डोळे असे लकाकले की मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

नवीन बातमी आली: ‘धावपट्टी दिघोरीकडे वळविली; मोहाटोलावासीयांना दिलासा’. दिघोरी इथून लांब, तिकडे लाखांदूर तालुक्यात. आजीनं बातमी ऐकली, "गेली का? बरं झालं," म्हणाली आणि कवेलू चढवायला लागली. इकडे दिघोरीची माणसं जीप करून माझ्या ओट्यावर! एक म्हणाला आमच्या धानाच्या बांध्या जाऊ देणार नाही. दुसरा कानाशी लागून म्हणाला, भाऊ, जमलं तर माझ्या बांधीवरून काढा. तिसरा बिचारा रडकुंडीला आलेला.

"माह्या पोरीचं लग्न जमलं होतं," तो म्हणाला. "आता पोरावाले म्हणतात, एवढं विमानतळ होऊनच राहिलं तं वरात विमानानंच आनू. तारीखच धरून नाई राहिले. मी कवापर्यंत थांबू? पोरगी म्हातारी होऊन जाईन ना, भाऊ!"

कवडूभाऊंनी सगळ्यांना चहा पाजला. तिकडे भंडाऱ्याच्या ऑफिसात कोणाला तरी वाटलं की दोन्ही बातम्या आपल्याच वार्ताहराच्या, म्हणजे दोन्ही खऱ्या. त्यानं डोकं लावून त्या जोडल्या. छापून आलं, ‘मोहाटोला ते दिघोरी अशी भव्य धावपट्टी’. चहावाला पेपर हातात धरून मोठमोठ्यानं हसत होता. "एवढ्या लांब पट्टीवर विमान कायले पाहिजे? यष्टीच जाते ना रोज!"

आजीनं कवेलू पुन्हा उतरवले.

मग कवडूभाऊंनी धावपट्टी उचलून पार दुसऱ्या टोकाला नेली, तुमसरकडे, चिखल्याला. तिथे मँगनीजची खाण आहे, शेती कमी, म्हणजे तक्रार कमी, असा त्यांचा हिशोब. आजीचे कवेलू वर गेले. आणि चिखल्याहून खाणीतले तीन गडी ड्युटी संपवून थेट आले, अंगावर काळी धूळ तशीच.

"भाऊ, जमिनीखाली आमी हावो," त्यातला मोठा अगदी शांतपणे म्हणाला. "खालची जमीन पोकळ हाये. विमान उतरलं तं सीधं आमच्या शिफ्टात येईन. मंग त्याची हजेरी कोन लावन?"

मला हसू फुटलं आणि मी आत गोदामात पळालो. चिखल्याची धावपट्टी मागे घ्यावी लागली. मागे घेतली म्हणजे ती पुन्हा कुठे गेली, हे पेपरनं सांगितलं नाही, त्यामुळे आजीनं ती आपल्याकडेच आली असं धरलं. कवेलू खाली. शेजारच्या सुनेनं मला फोन केला. "काकाजी, तुमच्या दोस्ताले सांगा, एक काय ते छापा. माहे हात गेले चढवूउतरवू."

शेवटी सरकारी कचेरीतून एका अधिकाऱ्याचा फोन आला. बिचारा सभ्य माणूस होता. "धावपट्टी कुठे होतेय ते आम्हाला तुमच्या पेपरातून कळतं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे तर साधा कागदसुद्धा नाही." कवडूभाऊंनी त्याचीही बातमी केली, ‘धावपट्टीबाबत प्रशासन अनभिज्ञ, परिसरात खळबळ’. मग मात्र भंडाऱ्याचे साहेब भडकले. या धावपट्टीची आता एक जरी तक्रार आली, तर कार्ड जमा करायचं, आणि ठेलाही दुसऱ्याला देणार.

कवडूभाऊ त्या दिवशी कार्ड हातात घेऊन बसले होते. ऊन मी म्हणत होतं. माझ्या दुकानात बियाण्याला गर्दी सुरू झाली होती, म्हणजे पाऊस काही लांब नव्हता. आणि मोहाटोल्याच्या घरावर छप्पर नव्हतं.

"भाऊ, सोडा ना आता हे," मी म्हणालो. "चार मानसं घेऊ, जबरीनं कवेलू चढवू."

"ती पुन्हा उतरवन. तुमी तिले नाई ओळखत."

"मंग उचलून घेऊन या तिले लाखनीले."

"तलाव सोडून? मरन ती." मग माझा चष्मा मागितला. मी दिला. त्या दिवशी मला कुठल्याही सूत्राबद्दल काही विचारलं नाही, चहावाल्यालाही हाक मारली नाही. पाठ करून एकटेच टाइप करत बसले.

सकाळी गठ्ठा सुटला. मी कान देऊन होतो, पण ‘अरे बाप रे’ काही आलं नाही. कवडूभाऊंनी अंक गुपचूप माझ्या काउंटरवर ठेवला. ‘अखेर धावपट्टीची जागा निश्चित’. मोहाटोला, दिघोरी, चिखला, सर्व ठिकाणचे बेत कायमचे रद्द. धावपट्टी लाखनीच्या टोकाला, तालुका वार्ताहर यांच्या राहत्या घरावरून जाणार. घर पाडण्यात येणार. घरमालकाची संमती. आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदाच, ‘परिसरात कोठेही खळबळ नाही’.

माझं डोकंच फिरलं. "अहो, दोन खोल्यांवर विमान उतरन का? कबूतर तरी धड उतरते का तुमच्या टिनावर? काय लावलं हे!"

"तक्रार कोन करन, गुणवंतजी?" ते म्हणाले. "घरमालक मीच. ना बायको, ना पोरं. माह्या घरी इचारनारं कोन हाये?"

अगदी सहज म्हणाले, धानाचा भाव सांगावा तसं. मी उगाच पोती इकडची तिकडे सरकवत राहिलो.

आणि खरंच, एकही तक्रार आली नाही. ना साहेबांची, ना अधिकाऱ्याची. कार्ड गळ्यात राहिलं. मोहाटोल्याहून निरोप आला की आजीनं कवेलू चढवले, आणि या खेपेला मातीची भिंतही लिंपायला घेतली. कवडूभाऊ खूश. मीही म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

त्यानंतर लवकरच एका दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला. आधी मासोळीची टोपली उतरली, मग टोपलीला धरून भागरताआजी उतरली, मागून शेजारची सून. टोपली रिकामी होती. आजी सरळ ठेल्यापुढे आली.

"कवडू, सामान कुठी हाये तुहं?"

"कायचं सामान, माय?"

"घर पडून राहिलं ना तुहं. मले सांगतलं बी नाई. पेपरातून कळते मले!"

कवडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आमच्या दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. घर पडत नाही म्हणावं, तर बातमी खोटी. बातमी खोटी, तर मोहाटोल्याचं रद्द झालं तेही खोटं. म्हणजे म्हातारी घरी जाऊन पहिली शिडी लावणार. आकाशात ढग जमायला लागले होते. आजीच्या मागे उभी राहून सून हात जोडत होती आणि नुसत्या ओठांनी म्हणत होती, ‘काकाजी, हो म्हणा, हो म्हणा’.

"हो, माय," कवडूभाऊ म्हणाले. "पाडून राहिले."

"मंग चाल. भर टोपलीत काय हाये ते."

"माय, मी पाहून घेईन ना कुठीतरी. एखादी खोली..."

"कुठीतरी काहून?" म्हातारीचा आवाज एकदम चढला. हायवेवरच्या ट्रकांच्या घरघरीतही ऐकू यावा एवढा. "कवडी देली होती म्या तुही! तुह्या मायले म्हटलं होतं, आता सांभाळ, थोडा मोठा झाला का मी नेतो. मंग तिचा जीव लागला, म्हटलं राहू दे तिच्याजवळ. ती गेली, तवा तू बापाले पाहात होता, म्हटलं राहू दे. बाप गेला, तवा तू पेपरवाला झाला, गळ्यात पाटी आली, मले इचारायची लाज वाटली. नेईन नेईन म्हणता जिनगानी गेली. आता घरच नाई ना तुले? मंग चाल. माहा माल हाये, मी नेतो."

आमच्या इकडे बायामाणसं कधीकधी पुरुषांसारखं ‘नेतो’ म्हणतात. पण तेव्हा ते मला वेगळंच लागलं. समोरचा चहावाला किटली हातात धरून उभा राहिला होता. कवडूभाऊंनी माझा चष्मा काढला, माझ्याच टॉवेलनं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ते रडत होते. मलाही आवरलं नाही, लाज कसली?

सामान काय होतं? दोन पातेली, एक गादी, कपडे. टोपलीत आणि ऑटोत सगळं मावलं. मीच जाऊन काढून आणलं, कारण आजीला त्या घराजवळ नेणं शक्यच नव्हतं. ते घर आजही जसंच्या तसं उभं आहे. आजी बाजाराला लाखनीत आली की ऑटोवाल्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, मागच्या रस्त्यानं न्या, तिकडून नका नेऊ. सगळ्या ऑटो स्टँडला ते पाठ आहे. विमानतळाचं पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही. त्या पुढाऱ्यांनाही नसावं.

तेव्हापासून कवडूभाऊ मोहाटोल्याहून येतात. बातम्या चालू आहेत, ट्रक उलटतात, खळबळ होते. पण माझ्या पोत्यावर शटरपर्यंत बसणं संपलं. आता मी दुकान वेळेवर बंद करतो, घरी गरम जेवतो, बायको खूश आहे. आणि शटर ओढताना मला करमत नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं काही खरं नाही.

ते तिकडे राहायला गेल्यावरच्या पहिल्या दिवशीचं तेवढं सांगून थांबतो. दिवेलागणीच्या आत त्यांनी ठेला आवरला. फोन वाजला होता, शेजारच्या सुनेचा असावा. लूना काढली, पायडल मारलं, आणि सुरू झालेली गाडी तशीच धरून ओट्याजवळ परत आले. सकाळी गठ्ठा सोडल्यावर स्वतःचीच बातमी वाचून त्यांचा चेहरा जसा होतो ना, अगदी तसा झाला होता.

"अरे बाप रे, गुणवंतजी," ते म्हणाले. "घरी माय जेवाची थांबली म्हणते!"

मी म्हटलं, "मंग जा ना! उभे काहून राहिले?"